जुन्या काळातली विचित्र गाडी नेमकी कोणती? मोबाईलवरून असं शोधा

तीन चाकांची माशासारखी गाडी किंवा मागे विमानाचा पंखा लावलेली रेल्वे, असे ब्लॅक अँड व्हाईट फोटो तुम्हालाही फॉरवर्ड होऊन आले असतील. खाली लिहिलेलं असतं, 'ही गुप्त गाडी कंपन्यांनी दाबून टाकली!' असे फोटो मी ज्या क्रमाने तपासतो, तो क्रम इथे देतोय.

१) आधी डोळे, मग ॲप

फोटो झूम करा. चाकं किती? इंजिन किंवा पंखा पुढे आहे की मागे? नंबर प्लेट, अंगावरची अक्षरं, मागच्या पाट्या कोणत्या भाषेत आहेत? हे सगळं नोट्समध्ये लिहून ठेवा.

२) गूगल लेन्सकडून फक्त नाव घ्या

लेन्स मुळात सारखे दिसणारे फोटो शोधतं. त्याखालची माहिती खरी आहे का, हे ते तपासत नाही. चुकीची कॅप्शन पन्नास ठिकाणी कॉपी झाली असेल तर तीच तुमच्यासमोर येणार. म्हणून मी लेन्सकडून फक्त संभाव्य नाव घेतो.

३) नाव पेटंटशी जुळवा

समजा, तीन चाकांच्या गाडीसाठी 'डायमॅक्सियन' हे नाव आलं. गूगल पेटंट्सवर जाऊन अमेरिकेचं पेटंट क्रमांक २१०१०५७ उघडा. त्यात बकमिन्स्टर फुलर यांच्या या गाडीची रेखाचित्रं आहेत. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि वळवण्याचं काम मागच्या चाकाचं. तुमच्या नोट्सशी हे जुळतं का बघा.

मग ती 'गुप्त' होती का? अजिबात नाही. १९३३-३४ मध्ये अशा तीन गाड्या बनल्या. ऑक्टोबर १९३३ मध्ये शिकागोत पहिल्या गाडीला अपघात झाला, चालकाचा जीव गेला आणि गाडीची बदनामी झाली. तरीही १९३४ मध्ये तिसरी गाडी शिकागोच्याच जागतिक प्रदर्शनात लोकांनी पाहिली. 'दाबून टाकली' या दोन शब्दांत हा सगळा इतिहास गायब होतो.

४) ती खरंच चालली होती का?

प्रयोगातली वाहनं मी तीन गटांत टाकतो.

• फक्त मॉडेल: फोर्डची अणुऊर्जेवरची 'न्यूक्लिऑन'. १९५० च्या दशकातलं हे छोट्या आकाराचं मॉडेल. ही गाडी रस्त्यावर कधी आलीच नाही.
• चालणारा नमुना: जर्मनीतली पंख्याची रेल्वे, 'शीनेन्झेपेलिन'. फ्रान्झ क्रुकेनबर्ग यांनी बनवलेली ही एकमेव गाडी २१ जून १९३१ रोजी ताशी २३० किलोमीटरने धावली.
• लोकांच्या हातात दिलेली: क्रायसलरची टर्बाईन कार. १९६० च्या दशकात अशा ५० गाड्या २०३ सामान्य चालकांना आळीपाळीने वापरायला दिल्या होत्या.

५) रंगीत आणि चकचकीत फोटो? सावध!

शीनेन्झेपेलिन १९३९ मध्ये मोडीत काढली. त्यामुळे तिचा आजच्या कॅमेऱ्याने काढल्यासारखा फोटो दिसला तर ते खेळण्यातलं मॉडेल असेल, नाहीतर एआयने बनवलेलं चित्र. डायमॅक्सियनचं मात्र वेगळं आहे. तिची दुसरी मूळ गाडी अमेरिकेत रीनो इथल्या संग्रहालयात आहे, शिवाय वास्तुविशारद नॉर्मन फोस्टर यांनी २०१० मध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती बनवून घेतली. म्हणजे रंगीत फोटो खरा असू शकतो, पण त्यातली गाडी १९३३ ची असेलच असं नाही.

एआयचं चित्र ओळखायला पुन्हा पहिल्या पायरीवर या. चाकं मोजा, पाट्यांवरची अक्षरं वाचा. अक्षरं अर्धवट असतील किंवा चाकांची जागा पेटंटशी जुळत नसेल, तर शंका घ्या.

एवढं करूनही काही जुळलं नाही, तर 'ओळख पटली नाही' हेसुद्धा उत्तरच आहे. अशा वेळी अंदाजाने नाव लिहून फोटो पुढे पाठवू नका. तुमचा तो अंदाजच उद्या लेन्स दुसऱ्या कुणाला उत्तर म्हणून दाखवेल.