आजोबांची खुकरी, तिचं म्यान आणि ‘स्वच्छ’ या शब्दाचा घोळ



‘पद्धत नंतर, आधी प्रश्न ठरवा’ हे वाक्य संशोधनाची तयारी करताना तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. मीही ऐकलं होतं. पण ते मला खरं कळलं एका चामड्याच्या म्यानामुळे, आणि तेही म्यान खराब करून बसल्यावर. आज त्या म्यानाच्या निमित्ताने थोडा इतिहास आणि थोडं रसायनशास्त्र बघू.

माझे आजोबा फौजेत होते. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एक खुकरी होती. आत लाकूड, वरून काळं चामडं आणि टोकाला पितळेची टोपी असं तिचं म्यान. आजोबा गेले आणि पुढच्याच वर्षी २०२० चा उन्हाळा आला. आठवतंय ना? भाजीपासून दाराच्या कडीपर्यंत आपण सगळं धूत होतो. मी नुकतंच एम.एस्सी. संपवलं होतं आणि ‘जंतू’ या विषयावर घरात माझाच अधिकार चालत होता. म्यानाच्या तोंडाशी मळाचा काळा, चकचकीत डाग होता. मी म्यान साबणाने घासून धुतलं, गच्चीवर उन्हात वाळवलं आणि ‘चामड्याला तेल लागतंच’ म्हणून खोबरेल चोपडलं. मग खुकरी आत घालून कपाटात ठेवली.

पावसाळ्यानंतर कपाट उघडलं तेव्हा चामडं आकसून शिवणीजवळ फाटलं होतं. वर पांढरे ठिपके होते. पितळेच्या कडेने हिरवा, मेणासारखा चिकटा जमला होता आणि पातं गंजलं होतं. बाबा काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

माझं नेमकं काय चुकलं ते शोधताना मी वाचत गेलो. तेव्हा लक्षात आलं की माझी प्रत्येक चूक माझ्याआधी मोठमोठ्या लोकांनी केलेली आहे, आणि त्या चुकांचा चांगला नोंदवलेला इतिहास आहे.

पाणी आणि ऊन

चामडं मुळात कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं असतं. कच्चं कातडं ओलं राहिलं तर कुजतं, वाळलं तर पुठ्ठ्यासारखं कडक होतं. झाडाच्या सालीतलं टॅनिन तंतूंमध्ये मुरलं की त्याचं चामडं होतं. यालाच आपण कातडं कमावणं म्हणतो.

आता एक कोडं. मध्ययुगीन लंडनमध्ये बहुतेक माणसं आपली सुरी कमरेला म्यानात बाळगत आणि तीच जेवताना वापरत. ही म्यानं आज शेकड्यांनी उपलब्ध आहेत. १९८७ साली ‘नाइव्ह्ज अँड स्कॅबर्ड्स’ नावाचं अख्खं पुस्तक त्यांच्यावर निघालं. ती सापडली कुठे? थेम्सकाठी भर घालण्यासाठी टाकलेल्या कचऱ्यात आणि चिखलात. मी धुऊन-पुसून ठेवलेलं म्यान एका पावसाळ्यात गेलं आणि ही शतकानुशतकं ओल्या घाणीत टिकली, हे कसं?

याचं उत्तर ऑक्सिजनमध्ये आहे. पाण्याने गच्च भरलेल्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, त्यामुळे चामडं खाणारे बहुतेक सूक्ष्मजीव तिथे वाढू शकत नाहीत. खरा धोका वस्तू बाहेर काढल्यावर सुरू होतो. असं चामडं नुसतं हवेवर वाळू दिलं तर तंतू एकमेकांना चिकटतात आणि ते आकसून तडकतं. म्हणून उत्खननातलं चामडं ओलंच ठेवतात. मग त्यात ग्लिसरॉल किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल मुरवून, गोठवून, निर्वातात वाळवतात.

गंमत म्हणजे जुने कारागीर चामड्याच्या याच गुणाचा उपयोग करत. ओलं चामडं सुरीवर बसवून वाळू दिलं की ते तिचा आकार धरतं. त्यामुळे कित्येकदा पातं गंजून नाहीसं झालं तरी त्याचा आणि मुठीचा आकार म्यानावरून वाचता येतो. मी मात्र आधीच तयार असलेलं म्यान ओलं करून उन्हात टाकलं. आतलं लाकूड फुगलं आणि वरचं चामडं आकसलं. ते फाटणारच होतं.

साबणाच्या पाण्याने आणखीही एक गोष्ट होते. १९३० च्या दशकात आर. फॅरडे इन्स या ब्रिटिश चर्मरसायनतज्ज्ञाने असं मांडलं की जुन्या चामड्यात टॅनिनखेरीज पाण्यात विरघळणारे काही क्षार असतात आणि ते चामड्याचं आम्लापासून रक्षण करतात. चामडं धुतलं की ते वाहून जातात. यावर उपाय म्हणून त्याने पोटॅशियम लॅक्टेटचं द्रावण सुचवलं. तो उपाय पुढे फारसा टिकला नाही, पण त्यामागचा प्रश्न लक्षात ठेवण्यासारखा आहे: धुताना मळासोबत आणखी काय निघून जातंय?

तेल

‘चामड्याला तेल पाजावं लागतं’ हा समज जगभर आहे. पण चामडं जिवंत त्वचा नाही, त्याला भूक लागत नाही. मग ते सुकून भुगा का होतं?

१८४३ मध्ये मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या अथेनियम क्लबमधल्या कुजणाऱ्या पुस्तकबांधणीकडे लक्ष वेधलं. (इन्सच्या नावातला फॅरडे तो वेगळा, हा आपला विजेवाला.) तिथे उजेडासाठी कोळशाचा वायू जळत असे. त्यातल्या गंधकामुळे आम्ल तयार होई आणि ते चामड्यात मुरून तंतू तोडत राही. असं चामडं शेवटी लालसर भुकटी होऊन हाताला लागतं. तज्ज्ञ त्याला ‘लाल कूज’ म्हणतात. कूज म्हटलं तरी यात जंतूंचा हात नसतो, हा रासायनिक ऱ्हास आहे.

पुढे १९०० साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने पुस्तकबांधणीच्या चामड्यासाठी समिती नेमली आणि १९०१ मध्ये तिचा अहवाल आला. त्यात आपल्याकडचं एक झाड भेटतं. माळरानावर पिवळ्या फुलांचा तरवड तुम्ही पाहिला असेल. त्याच्या सालीने कातडी कमावून ती इथून इंग्लंडला जात, आणि इंग्रजी व्यापारात त्या सालीचं नावही आपल्याच शब्दावरून ‘टरवार’ असं पडलं होतं. हिंदुस्थानातून आलेल्या अशा मेंढी-बकरीच्या चामड्याच्या बांधण्या दहा वर्षांच्या आत खराब झालेल्या समितीला आढळल्या. कारण टॅनिनचे दोन गट असतात. तरवडाच्या गटातलं टॅनिन आम्लापुढे लवकर हार मानतं. सुमाक किंवा आपला हिरडा यांच्या गटातलं जास्त तग धरतं.

म्हणजे चामडं नासत होतं ते आम्लाने, आणि ते किती लवकर नासणार हे कमावतानाच बरंचसं ठरत होतं. तेल न लावण्याशी त्याचा संबंध कमी होता. तरीही तेलाचा उपाय मागे पडला नाही. १९४६ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या हॅरॉल्ड प्लेंडरलीथ यांची चामडी बांधणीच्या जतनावरची पुस्तिका आली. लॅनोलिन, मधमाश्यांचं मेण आणि सीडारवुड तेल हेक्झेनमध्ये विरघळवून केलेलं ‘ब्रिटिश म्युझियम लेदर ड्रेसिंग’ अनेक संग्रहालयांत आणि ग्रंथालयांत वापरलं जाऊ लागलं. ते लावल्यावर चामडं लगेच मऊ आणि चकचकीत दिसे. म्हणजे उपाय लागू पडला असं वाटे.

काही दशकांनी तेच चामडं पुन्हा तपासलं तेव्हा चित्र वेगळं होतं. आम्लाचं काम थांबलेलं नव्हतंच, उलट जादा तेलावर धूळ बसली होती. काही तेलं हवेने घट्ट होऊन चामडं काळं आणि ताठ झालं होतं. जिथे तांबं किंवा पितळ होतं तिथे तेलातल्या मेदाम्लांशी त्याची अभिक्रिया होऊन हिरवा तांब्याचा साबण तयार झाला होता. माझ्या म्यानाच्या टोपीशी होता तोच चिकटा! आज बहुतेक संवर्धक संग्रहालयातल्या चामड्याला तेल लावत नाहीत. मऊ ब्रशने धूळ काढतात आणि हवेतली आर्द्रता स्थिर ठेवतात. ती साधारण ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली तर बुरशीचा धोका वाढतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात याहून वेगळं काय होणार?

तुम्हाला घरी करून बघता येईल अशी एक चाचणी सांगतो. चामड्यावर पांढरं दिसलं की आपण लगेच बुरशी म्हणतो. पण तो बाहेर फुटलेल्या तेलाचा थरही असू शकतो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, हे थंडीतल्या बाटलीत आपण बघतोच. हेअर ड्रायरची कोमट हवा दुरून क्षणभर सोडा. पांढरं वितळलं तर तेल, तसंच राहिलं तर बुरशी असण्याची शक्यता जास्त. बुरशीचा संशय असेल तर मात्र हवा मारू नका, बीजाणू उडतात. माझ्या म्यानावर दोन्ही होतं.

मग जंतूंचं काय?

मी सुरुवात तर जंतूंपासून केली होती. तो प्रश्न शल्यचिकित्सेने शंभरेक वर्षांपूर्वीच निकालात काढला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शल्यविशारदांच्या सुऱ्यांना एबनी किंवा हस्तिदंताच्या मुठी असत. त्या मखमलीच्या अस्तराच्या पेटीत नाहीतर चामड्याच्या घडीच्या पाकिटात ठेवत. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाची जंतुनाशक पद्धत ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. १८७९ मध्ये शार्ल शांबरलाँ यांचं ऑटोक्लेव्ह आलं. हत्यारं उकळायची किंवा वाफेत ठेवायची असं ठरलं आणि लाकूड, हस्तिदंत, मखमल, चामडं हे सगळं बाहेर पडलं. मुठीसकट धातूची हत्यारं आली.

चामड्याला हे झेपलंच नसतं. सालीने कमावलेलं ओलं चामडं साधारण ७० ते ८५ अंशांना आकसतं, आणि ऑटोक्लेव्ह चालतं १२१ अंशांवर. ज्या तापमानाला जंतू खात्रीने मरतात, त्याच्या कितीतरी आधी चामडंच मरतं. शल्यविशारदांनी चामडं निर्जंतुक करण्याची युक्ती शोधत बसण्याऐवजी ‘हत्यार निर्जंतुक हवं, वेष्टन कशाचं याला महत्त्व नाही’ असा प्रश्न ठेवला आणि वेष्टनच बदललं.

म्हणून ‘म्यान स्वच्छ कसं ठेवू?’ असं कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, कशासाठी? सुरी अन्नाला लागणार असेल तर चामड्याचं म्यान वापरूच नका. जे आतून धुता येत नाही ते स्वच्छ आहे असं म्हणता येत नाही. धुता येणारं प्लास्टिकचं आवरण बरं. रोजच्या वापरातलं, शेतातलं किंवा ट्रेकचं म्यान असेल तर सुरी धुऊन पूर्ण कोरडी करूनच आत घाला. म्यान ओलं झालं तर सावलीत वाळवा, आणि साठवताना पातं म्यानाबाहेर ठेवा. कारण चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं, शिवाय ते थोडं आम्लधर्मी असतं. आणि ती जपायची वस्तू असेल तर कोरडा मऊ ब्रश वापरा आणि हात आवरा.

दोन ‘स्वच्छ’ वेगळे आहेत. एक जंतू घालवतो, दुसरा वस्तू जपतो. चामड्याच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे साधत नाहीत. मला हवा होता दुसरा आणि मी पद्धत उचलली पहिल्याची. शिवाय तुलनेसाठी काहीच राखलं नाही. म्यानाची मागची बाजू तरी तेलाशिवाय सोडली असती, तर निदान काय कशामुळे झालं ते सांगता आलं असतं.

खुकरी आता वेगळी, म्यान वेगळं, सुती कापडात ठेवलंय. फाटलेली शिवण तशीच आहे. राहून राहून आठवतो तो म्यानाच्या तोंडाशी असलेला काळा डाग. आजोबा खुकरी काढताना डावा अंगठा नेहमी तिथेच ठेवायचे. इतक्या वर्षांच्या अंगठ्याने तो चकचकीत झाला होता. पुराणवस्तूंचे अभ्यासक अशा खुणेला पुरावा म्हणतात. मी तिला मळ म्हटलं आणि पाच मिनिटांत घासून काढलं.

तुमच्या हातात पहिला नमुना येईल, तेव्हा तो साफ करण्याआधी त्याचा एक फोटो नक्की काढून ठेवा.