बुडाला काय लावलंस?



आमच्या भाऊजींनी यंदा पावसाळ्यात मांगरात बसून एक होडी बांधली. दोन माणसं बसतील एवढीच, खाडीत गरी टाकायला जायची. वादळात परसातला फणस पडला होता, त्याच्या फळ्या काढून ठेवल्या होत्या. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात शेवटचा हात सुरू झाला. पॉलिश पेपरनं घासणं, फटीत लांबी भरणं, परत घासणं आणि मग वॉर्निश. तिसऱ्या हातानंतर फळीत तोंड दिसायला लागलं. शेजारीपाजारी बघून गेले. शेवटी सासूबाई काठी टेकत आल्या, होडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "वर चकाकता ती बरी. पण बुडाक काय लायलंस?"

बुडालाही वॉर्निशच लावलं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, मागे फिरल्या. मला मात्र तो प्रश्न सोडवेना, म्हणून वाचत गेले, सासूबाईंना विचारत गेले. आज तेच सांगणार आहे.

लाकडी होडीचा खरा शत्रू वादळ नव्हे, कीड. तिला कीड म्हणतात, पण ती आपल्या तिसऱ्या-कालवांच्या कुळातली आहे, शिंपल्यातला प्राणीच. पिल्लू असताना ती टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून फळीत शिरते आणि आतल्या आत वाढत, लाकूड पोखरत जाते. बाहेरून फळी धडधाकट दिसते, आतून मधाच्या पोळ्यासारखी झालेली असते. म्हणून होडीच्या शेवटच्या हाताचं मोल चकाकीवर ठरत नसे. पाण्याखालच्या अंगावरचा लेप किती दिवस टिकतो, यावर ठरत असे.

तेराव्या शतकात मार्को पोलो होर्मुझला आला, तेव्हा तिथली गलबतं बघून त्यानं नाक मुरडलं. खिळे नाहीत, फळ्या काथ्यानं शिवलेल्या आणि डांबराऐवजी माशाचं तेल चोपडलेलं. त्याला हे सगळं दरिद्री वाटलं. पण त्याच शिवलेल्या जहाजांवर अरबी समुद्राचा व्यापार शेकडो वर्षं चालला होता. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या एका चित्रात जहाज आहे. त्यावरून आपल्या नौदलासाठी गोव्यात एक शिवलेलं जहाज बांधलं गेलं. केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्यानं शिवल्या, राळेचा लेप दिला, आणि मे २०२५ मध्ये कारवारला 'कौंडिण्य' या नावानं ते नौदलात आलं. केरळात काथ्या वळण्याचं काम पिढ्यान्पिढ्या मुख्यतः बायकांच्या हातात आहे, हे जाता जाता सांगते, कारण अशा बातम्यांत ते सहसा येत नाही.

आता तेलाबद्दल. खोबरेल होडीला चालत नाही, ते वाळतच नाही. जवसाचं तेल वाळून कातडीसारखा थर धरतं. माशाचं तेल या दोघांच्या मधलं. ते लाकडात मुरतं, हळूहळू दाट होतं आणि पाणी आत येऊ देत नाही. आपल्या किनाऱ्यावर ते मुशीच्या काळजाचं काढत. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर ही रीत होती, आणि पाण्याखालच्या भागाला चरबीत कालवलेल्या चुन्याचा लेप देत. गंमत अशी की ती कीडही आपल्या बिळाला आतून चुन्याचंच अस्तर करते.

सासूबाई सांगतात, त्यांच्या माहेरी पुरुष मुशी आणून टाकत आणि निघून जात. काळजं वेगळी काढून रॉकेलच्या डब्यात भरायची, उन्हात ठेवायची, मग मंद आचेवर कढवायची. जाळ मोठा झाला की तेल करपतं. वर आलेलं तेल पळीनं काढून घ्यायचं, खालचा गाळ झाडांना. हे सगळं त्यांच्या आईनं आणि काकवांनी केलं. "वास चार दिस हातार रवता. जेवचा पन त्याच हातान," असं त्या म्हणतात. होडीला तेल चोळायला मात्र पुरुष येत, आणि नारळ वाढवायलाही तेच.

दुसऱ्या महायुद्धात परदेशातून कॉड माशाचं तेल येणं अवघड झालं, तेव्हा मुंबई आणि मद्रास इलाख्यांत शार्कच्या काळजाचं तेल औषध म्हणून काढायला लागले. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर. होडीला लावायचं ते तेल चमच्यानं पोरांच्या तोंडात गेलं!

मोठ्या जहाजांचं काम वेगळ्या मापाचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं घ्यावं ते आहे. रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये, ती झाडं त्यांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, असं बजावलं आहे. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथं वाघोटणच्या खाडीत खडक कोरून केलेली मराठ्यांची गोदी आजही बघायला मिळते. जहाज कोरड्यात घेतल्याशिवाय त्याचं बूड घासता येत नाही आणि लेपही देता येत नाही.

मुंबईत १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले आणि सागवानी जहाजांची थोर परंपरा सुरू झाली. पुढे त्यांच्याच घराण्यानं बांधलेलं 'त्रिंकोमाली' १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलं. ते आज इंग्लंडात हार्टलपूलला जपून ठेवलं आहे. एव्हाना बुडाला तेलाऐवजी तांब्याचे पत्रे आले होते. इंग्रजी आरमारानं तो प्रयोग १७६१ मध्ये 'अलार्म' जहाजावर केला. तांबं समुद्राच्या पाण्यात अगदी सावकाश विरघळतं आणि किडीला, शेवाळाला ते विष ठरतं. मात्र तांब्याशेजारचे लोखंडी खिळे भराभर गंजून गेले, म्हणून पुढे खिळेही तांब्याचे करावे लागले. वाडियांची नावं पुस्तकांत आहेत, असायलाच हवीत. पत्र्याखालचं लाकूड घासून गुळगुळीत करणारे कोण होते, ते मला कुठल्याही पानावर सापडलं नाही.

गरिबाला तांबं कुठलं परवडायला! त्याच्या होडीला तेलच राहिलं, आणि त्याची किंमत मुक्या जिवानं मोजली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होड्यांना चोळायच्या तेलासाठी व्हेल शार्क मारत. एवढा मोठा मासा जगात दुसरा नाही, आणि स्वभावानं गरीब. पुढे परदेशात त्याच्या मांसाला भाव आला, तेव्हा तर कत्तलच झाली. २००१ मध्ये कायद्यानं त्याला वाघाइतकं संरक्षण दिलं. पण नुसत्या कायद्यानं भागलं नाही. २००४ च्या मोहिमेत मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तिला मारू नका. ते मनाला भिडलं. जाळ्यात सापडलेला व्हेल शार्क स्वतःचं जाळं कापून सोडून देणारे कोळी तिथं तयार झाले.

सासूबाईंना हे सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमी मुशीच मारी. पन त्यापन पोटुशी असत. किती बगलंय मी."

भाऊजींनी बुडाचं वॉर्निश पॉलिश पेपरनं पुरतं काढलं, त्यात दोन दिवस गेले. मग बंदरावरच्या दुकानातून तांब्याची भुकटी घातलेला लाल रंग आणला आणि दोन हात दिले. सासूबाईंनी वाळल्यावर बोटानं चाचपून बघितला, बोट नाकाशी नेलं. "वास नाय," त्या म्हणाल्या, आणि हळदकुंकवाचं ताट आणायला मला आत पाठवलं.