मागची चाकं आणि वरंधा घाट

बर्फाळ देशांत मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्‌स कारच्या डिकीत हिवाळ्यात वाळूची पोती टाकतात. इंजिन पुढे, जोर मागे. त्यामुळे वजनाने हलकी राहिलेली मागची चाकं निसरड्यावर नुसतीच फिरतात. आपला हिवाळा कोरडा. भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंधा घाटात, वेल्ह्यातून मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही परीक्षा पावसाळ्यात होते.

एकेकाळी ती बहुतेक सगळ्यांनाच द्यावी लागे. अँबॅसिडर आणि फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, दोन्ही मागच्या चाकांच्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिच्यात इंजिनाचं वजन जोर लावणाऱ्या पुढच्या चाकांवरच होतं. पुढच्या पिढीची मागच्या चाकांची सवय मोडली.

म्हणून मला जानेवारी २०२३ महत्त्वाचा वाटतो. तेव्हा थारची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती आली. दिसायला ती फोर-बाय-फोरसारखीच. धबधबे पाहायला निघालेल्याने आपली गाडी नेमकी कोणती, हे आधी पाहावं.

उपाय जुनेच आहेत. टायरची नक्षी खोल हवी, कायद्यातली १.६ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा, भर पावसात ती अपुरी. वेग आणि गिअर वळणाआधीच उतरवायचा. ओल्या वळणात क्लच झटक्याने सोडला, तर गाडीची मागची बाजू फिरते. गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा १९९५ साली मर्सिडीजमध्ये आली. ती घसरण आवरते. पकड मात्र रबर आणि रस्ता यांच्यातच असते.