बल्ब, काटा आणि साठ ओहम: वायरिंगचा फॉल्ट शोधणाऱ्या हत्यारांची गोष्ट

आज इतिहासच आहे, पण किल्ल्यांचा नाही. गाडीचा एक हेडलाइट मंद जळतो, फ्यूज सारखा उडतो, अशा वेळी वायरमन जी वस्तू हातात घेतो, तिचा इतिहास. कारण चुकीची वस्तू हातात घेतली की काय होतं? चांगला अल्टरनेटर बदलला जातो, बिल येतं आणि फॉल्ट तिथेच राहतो.

सुरुवात बल्बपासून. एक बल्ब, होल्डर, दोन वायरी. एक टोक गाडीच्या बॉडीला, दुसरं जिथे करंट यायला हवा तिथे. पेटला तर ठीक, नाही पेटला तर मागे मागे जायचं. मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवा, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. त्या गाडीत बॅटरी, स्विच, फ्यूज, बल्ब आणि परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. अशा गाडीला टेस्टिंग बल्ब पुरायचा. टॅक्सी उभी राहिली की दिवसाची कमाई बुडते, त्यामुळे दहा मिनिटांत सांगणारं हत्यारच कामाचं.

मीटर कुठून आला? लंडनच्या पोस्ट खात्यातून! डोनाल्ड मॅकेडी हा ब्रिटिश पोस्ट ऑफिसचा इंजिनिअर. टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त करायला व्होल्टचा मीटर वेगळा, अँपिअरचा वेगळा, ओहमचा वेगळा, सगळं घेऊन फिरावं लागायचं. त्याला कंटाळून त्याने तिन्ही एका डब्यात बसवले. १९२३ साली तो बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांची आद्याक्षरं जोडून नाव ठेवलं अ‍ॅव्होमीटर. त्याचं आठवं मॉडेल १९५१ साली निघालं आणि २००८पर्यंत बनत होतं. सत्तावन्न वर्षं! तुमचा फोन किती वर्षं टिकतो, ते विचारत नाही. (जाता जाता: आपल्या नाशिकमध्येही मोटवाने आणि ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स या कंपन्या मल्टिमीटर बनवतात.)

मग आकडे दाखवणारा डिजिटल मीटर आला. १९७७मध्ये फ्लूकने ८०२०ए हा हातात मावणारा मीटर काढला आणि हळूहळू काट्याचे मीटर कपाटात गेले. इथे मला थोडं थांबायचंय, कारण खरी गोची इथेच आहे.

डिजिटल मीटर सर्किटमधून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. त्याच्या आतला रोध साधारण १ कोटी ओहम असतो. प्रयोगशाळेत हा गुणच. पण समजा गाडीतला एक जोड गंजलाय आणि तिथे १००० ओहम रोध आलाय. पुढची वायर बल्बपासून सोडवून मीटर लावा, तो बिनधास्त १२ व्होल्ट दाखवेल. कोटीपुढे हजार म्हणजे काहीच नाही. आता तिथेच ५ वॅटचा टेस्टिंग बल्ब लावा. त्याला साधारण ०.४ अँपिअर हवेत, आणि त्या जोडातून जेमतेम ०.०१२ मिळतात. बल्ब पेटणारच नाही. मीटर म्हणतो सगळं ठीक, गाडी म्हणते नाही, आणि गाडीचंच खरं.

मग मीटर वाईट का? अजिबात नाही, वापरायची पद्धत बदलायची. हेडलाइट चालू ठेवायचा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं हेडलाइटच्या अर्थवर. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्थच्या बोल्टखाली फक्त अर्धा ओहम गंज असेल, तरी ५५ वॅटच्या बल्बला तिथेच सुमारे २ व्होल्ट गमवावे लागतात. हे बल्ब नीट सांगू शकत नाही. नुसत्या डोळ्याने १० व्होल्ट आणि १२ व्होल्ट कोण ओळखणार?

उलट शॉर्टच्या बाबतीत मी बल्बच निवडेन. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय? फ्यूज काढा, त्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा, त्या फ्यूजवरचे लाइट-पंखे सगळे बंद ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच देणार नाही, म्हणजे वायर जळत नाही. मग वायरिंगचा गठ्ठा हलवत जायचं. जिथे हात लावल्यावर बल्ब विझला, तिथे इन्सुलेशन घासलंय. एकामागून एक फ्यूज जाळण्यापेक्षा, किंवा जाड तार घालून आग लावून घेण्यापेक्षा, हे कितीतरी शहाणपणाचं.

पण १९८६ साली एक वळण आलं. डेट्रॉइटच्या परिषदेत बॉश कंपनीने कॅन बस मांडली. प्रत्येक कामाला वेगळी वायर नको, दोन पिळलेल्या वायरींवरून गाडीतले सगळे डबे एकमेकांशी बोलतील. आता त्या वायरीवर २१ वॅटचा बल्ब लावाल? तिथे निवांत असताना अडीच व्होल्ट असतात. बल्ब तर पेटणार नाहीच, वर संवाद बंद पडेल. ईसीयूच्या नाजूक आउटपुटला असा बल्ब लावला, तर आतला ट्रान्झिस्टर जळू शकतो. आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना बल्बच काय, मीटरही लावू नका. ते काम ट्रेनिंग घेतलेल्या माणसाचं.

गंमत म्हणजे कॅनसाठीही शंभर वर्षांपूर्वीच्या त्या डब्यातलं 'ओहम'च कामी येतं. बसच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहम असतात, समांतर जोडलेले. बॅटरी सोडवा, डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजा. बहुतेक गाड्यांत ६० यायला हवेत. १२० आले तर कुठेतरी वायर तुटलीय किंवा एक टोक गायब आहे. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात.

ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर याच सॉकेटमध्ये लागतो आणि फोनवर कोड दाखवतो. तो जरूर घ्या, पण तिसऱ्या नंबरवर. 'सेन्सरचं व्होल्टेज कमी' असा कोड आला, तर दोष सेन्सरचा की वायरीचा, हे तो सांगत नाही. म्हणून माझी खरेदी अशी: आधी १० मेगाओहमवाला बरा मीटर, मग २१ वॅटचा बल्ब आणि होल्डर, आणि त्यानंतर स्कॅनर.