एकान्तवास आणि पेशींचें आयुष्य

एकान्त हा शब्द या देशांतील मनाला परका नाहीं. तपस्व्यांनीं तो गिरिकंदरांत शोधला, योग्यांनीं तो साधनेचें अंग मानला. परंतु तपस्व्याच्या गुहेला बाहेरून कडी नसते. वाटेल तेव्हां उठून तो गांवांत येऊं शकतो. ज्याला बाहेर पडतांच येत नाहीं, त्याचा एकान्त म्हणजे कोंडमारा होय. अंतराळांत जाणारा मनुष्य स्वेच्छेनें जातो खरा. पण यानाचें दार एकदां बंद झालें कीं तोहि कोंडला जातो. या कोंडमाऱ्याचा परिणाम मनापाशींच थांबतो, कीं शरीराच्या बीजापर्यंत जाऊन पोंचतो? या प्रश्नाचा इतिहास सव्वाशें वर्षांचा आहे, आणि त्याचा प्रारंभ आकाशांत नव्हे, बर्फांत झाला.

इ. स. १८९८ च्या मार्च महिन्यांत 'बेल्जिका' नांवाचें जहाज दक्षिण ध्रुवाकडील समुद्रांत बर्फांत अडकलें. एड्रियन द गेर्लाश हा त्या मोहिमेचा नायक होता. मे महिन्यांत मावळलेला सूर्य सुमारें सत्तर दिवस पुन्हां दिसलाच नाहीं. खलाशांचे चेहरे निस्तेज झाले, नाडी अनियमित चालूं लागली, झोंप उडाली. कांहींच्या बुद्धीलाहि भ्रम झाला. जून महिन्यांत एमिल डांको हा अधिकारी मरण पावला. जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कुक यानें या सर्वांचें मूळ केवळ अन्नांत न शोधतां अंधारांत आणि नित्याच्या कंटाळवाण्या तोचतोचपणांतहि शोधलें. रोग्यांना त्यानें धगधगत्या शेगडीसमोर उघड्या अंगानें उभें केलें, पेंग्विनचें व सीलचें ताजें मांस खावयास लाविलें आणि जहाजाभोंवतीं रोज फेऱ्या मारावयास लाविल्या. १८९९ च्या मार्चमध्यें जहाज मोकळें झालें. कोंडमारा हा शरीराचाहि रोग आहे, ही गोष्ट त्या हिंवाळ्यानें शिकविली.

पुढें मनुष्य अंतराळांत जाऊं लागला, तेव्हां हीच गोष्ट प्रयोगानें तपासण्याची गरज उत्पन्न झाली. १९६२ सालीं मिशेल सिफ्र हा तेवीस वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्स पर्वतांतील एका खोल विवरांत घड्याळावांचून दोन महिने राहिला. १४ सप्टेंबर रोजीं त्याला मुदत संपल्याचें कळविण्यांत आलें, तेव्हां त्याच्या हिशेबानें तो २० ऑगस्टचा दिवस होता! पंचवीस दिवस त्याच्या मनाच्या पंचांगांतून गळून पडले होते. १९६७ च्या ५ नोव्हेंबरपासून मॉस्को येथें तीन मनुष्यें एका बंद कोठडींत पुरें एक वर्ष राहिलीं; तेथें हवा व पाणी हीं पुन्हां पुन्हां शुद्ध करून वापरलीं जात. ३ जून २०१० ते ४ नोव्हेंबर २०११ या काळांत त्याच शहरांत 'मार्स-५००' हा प्रयोग झाला. तीन रशियन, एक फ्रेंच, एक इटालियन व एक चिनी असे सहा जण मंगळाच्या काल्पनिक प्रवासांत ५२० दिवस जमिनीवरच बंदिस्त राहिले. त्यांची हालचाल मंदावली, बहुतेकांच्या झोंपेची घडी विसकटली आणि रक्तांतील पांढऱ्या पेशींच्या वर्तनांत फरक पडला. आकाशांत न जातां केवळ भिंतींनीं एवढें घडविलें.

तथापि पेशीच्या आंत काय घडतें? पेशींतील डी. एन्. ए. हा आनुवंशिक आज्ञांचा लांबलचक धागा होय. दोरीचें टोंक उसवूं नये म्हणून गांठ मारतात, तशीं या धाग्याच्या टोंकांना निसर्गानें संरक्षक आवरणें दिलीं आहेत. त्यांना टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगत जाते तसतसें हें आवरण सामान्यतः झिजत जातें, म्हणून वार्धक्याच्या अभ्यासांत त्याला महत्त्व आहे. या आवरणाचें कार्य उलगडल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक शोस्टॅक यांना २००९ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

ब्लॅकबर्न यांनीं एलिसा एपेल यांच्यासह २००४ मध्यें दीर्घ आजारी मुलांची शुश्रूषा करणाऱ्या मातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनावर ताण अधिक, त्यांचे टेलोमिअर अधिक आंखूड आढळले. २००७ सालीं स्टीव्ह कोल व त्यांचे सहकारी यांना असें दिसलें कीं, दीर्घकाळ एकाकी वाटणाऱ्या माणसांच्या पांढऱ्या पेशींत दाह वाढविणारीं जनुकें अधिक जागीं असतात, आणि विषाणूंशीं झुंजणारीं मंदावलेलीं असतात. २०१४ मधील एका अभ्यासांत तर पिंजऱ्यांत एकट्या ठेवलेल्या आफ्रिकी करड्या पोपटांचे टेलोमिअर जोडीनें राहणाऱ्या पोपटांहून आंखूड आढळले. ताणाची व एकाकीपणाची खूण शरीरांत किती खोल उमटूं शकते, हें या तिन्ही अभ्यासांवरून दिसतें.

अंतराळांत मात्र प्रश्न गुंतागुंतीचा होतो. तेथें डी. एन्. ए. वर दोन बाजूंनीं घाला येतो. विश्वकिरण धाग्यावर थेट आघात करून तो तोडतात. कोंडमारा आडवाटेनें येतो. तो झोंप बिघडवितो, ताणाचीं संप्रेरकें वाढवितो, दाह पेटता ठेवतो; अशा स्थितींत ऑक्सिजनचीं उग्र रूपें वाढून धाग्याला इजा करतात. हे दोन घाव वेगळे ओळखावे कसे?

याचें उत्तर शोधण्यास जुळ्या भावांचें साह्य झालें. स्कॉट केली २०१५-१६ मध्यें ३४० दिवस अंतराळस्थानकांत राहिले. त्यांचे जुळे बंधु मार्क पृथ्वीवर होते. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सर्वांना चकित करणारा होता. स्कॉट यांचे टेलोमिअर अंतराळांत झिजण्याऐवजीं लांबले! परंतु हें ययातीचें उसनें तारुण्य ठरलें. पृथ्वीवर उतरतांच थोड्याच काळांत ते आंखूड झाले, आणि अति आंखूड टेलोमिअरांची संख्या पूर्वीपेक्षां वाढली. गुणसूत्रांचे कांहीं तुकडे उलटे जोडले गेल्याचेंहि दिसलें. ती किरणांची खूण मानली जाते. म्हणजे आकाशांत एकच माप सरळ वाचतां येत नाहीं. म्हणूनच किरणांपासून दूर असलेल्या बंद कोठड्यांना व ध्रुवीय तळांना मोल आहे. अंटार्क्टिकेंतील नॉयमायर तळावर चौदा महिने राहिलेल्या नऊ जणांच्या मेंदूंतील स्मृतीशीं संबंधित एक भाग आकसल्याचें २०१९ मध्येंच प्रसिद्ध झालें. तेथें घाव घालण्यास अंतराळाइतके विश्वकिरण नव्हते. होता तो एकसुरी, बंदिस्त दिनक्रम.

मंगळाची फेरी सुमारें तीन वर्षांची. तेथून पृथ्वीला एक शब्द पोंचावयास कधीं कधीं वीस मिनिटांहूनहि अधिक वेळ लागतो. आप्तांचें सांत्वन उशिरां येणार आणि परतीची वाट मधेंच धरतां येणार नाहीं. अशा प्रवासांत प्राणवायूच्या टाक्यांइतकीच गरज प्रकाशाची, झोंपेची, नानाविध कामाची आणि मनाजोगत्या सोबतीची राहील. कुकच्या शेगडीचा अर्थ हाच होता.

हा धडा आकाशापुरता नाहीं. २०१५ मध्यें संयुक्त राष्ट्रांनीं मंडेला नियम मान्य करून कैद्याला सलग पंधरा दिवसांहून अधिक एकान्तकोठडींत ठेवणें निषिद्ध ठरविलें. जो नियम पेशींच्या शास्त्रानें पुढें बळकट केला, तो मानवी अंतःकरणानें आधींच ओळखला होता. घरांतल्या एका खोलींत दिवसचे दिवस कोणाचाहि शब्द कानीं न पडतां बसून राहिलेलें वृद्ध माणूस कोणत्याहि यानांत चढलेलें नसतें. परंतु त्याच्याहि पेशींत तोच धागा असतो.