उन्हाळी वाचन आणि खानदेशची बोलकी पुस्तके

वैशाख लागला की आमच्या फैजपुराकडे दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख. जमीन काळीभोर, केळीच्या बागा दाट. पण वारा असा तापलेला की केळीची कोवळी पाने झळांनी करपतात. बागाईतदार बागेच्या कडेने शेवरी लावतो, ती याच वाऱ्याला अडवण्यासाठी. माणसे दारे ओढून घरात बसतात, आणि रात्री धाब्यावर अंथरुणे टाकून चांदण्यात पडतात. हाच पोरांच्या सुट्टीचा काळ. आणि याच दिवसांत वाचनालयाच्या दारात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : “सुट्टी लागली, आता वाचायला काय द्यावे?”

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर आपण नीट देत नाही. मला माझ्या लहानपणचे एक वाचनालय आठवते. नाव सांगत नाही. सांगून काय करायचे? तिथे नेमकी मे महिन्यात पुस्तकांची मोजदाद निघे आणि देवघेव बंद होई. ज्या महिन्यात पोरे मोकळी, त्याच महिन्यात कपाटांना कुलूप! वर्षभर परीक्षेच्या धाकाने पुस्तक धरायचे, आणि धाक संपला की पुस्तकच हाती लागायचे नाही. वाचनाची गोडी अशा वेळी लागली नाही तर पुढे लागणे कठीण, हे त्या कुलपाला कोण सांगणार?

म्हणून आज मी यादी सांगणार आहे, पण ती दूरदेशीच्या ग्रंथांची नाही. आपल्या खानदेशच्या मातीशी नाते असलेल्या पुस्तकांचीच ती आहे. यादी करता करता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. यांतली मोठी पुस्तके आधी लिहिली गेली नाहीत. आधी बोलली गेली, गायिली गेली, आणि मग कोणीतरी ती कागदावर उतरली.

पहिले पुस्तक विनोबांचे ‘गीता प्रवचने’. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. सोबतच्या कैद्यांनी गीतेवर बोलण्याचा आग्रह धरला. २१ फेब्रुवारीच्या रविवारी पहिले प्रवचन झाले, आणि दर रविवारी एक याप्रमाणे १९ जूनला अठरावे. हिशेब करून पाहा : अठरा रविवार, अठरा अध्याय. होळीच्या आधी सुरू झालेले हे बोलणे मृगाच्या पावसापर्यंत चालले, म्हणजे धुळ्याचा एक सबंध उन्हाळा त्यात गेला. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाजांसारखे नामवंत होते, तसे साधे सत्याग्रहीही होते. आणि त्यांच्यातच साने गुरुजी बसलेले होते. विनोबा बोलत होते आणि गुरुजी भराभर लिहून घेत होते. गुरुजींची ती लेखणी नसती तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतीबाहेर आलेच नसते. पुढे हे पुस्तक भारतातल्या अनेक भाषांत गेले. संस्कृत न येणाऱ्या माणसालाही ते कळते, कारण ते समोर बसलेल्या माणसासाठी बोललेले आहे.

दुसरे पुस्तक खुद्द गुरुजींचे, ‘श्यामची आई’. गुरुजी कोकणातल्या पालगडचे, पण त्यांना गुरुजी केले ते अमळनेरने. १९२४ साली ते तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक काढीत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. १९३० साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडली आणि तुरुंगाची वाट धरली. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी आईच्या आठवणी लिहायला घेतल्या, आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटेपर्यंत पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून झाला. १९३५ साली पुस्तक निघाले. त्याची घडण पाहा : प्रकरणांना प्रकरणे म्हटलेले नाही, रात्री म्हटले आहे. रोज रात्री श्याम मित्रांना एक आठवण सांगतो. पुस्तकातल्या आईचे घर कोकणात आहे, पण सांगण्याची रीत मला छात्रालयातली वाटते. दिवा मालवण्याआधी मुले भोवती जमली आहेत आणि मास्तर गोष्ट सांगत आहेत, अशी.

तिसरे पुस्तक ‘बहिणाबाईंची गाणी’. बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मल्या. अक्षरओळख नव्हती. तरुणपणीच वैधव्य आले. शेतात काम करता करता, जात्यावर दळता दळता त्या गाणी रचीत. मुलगा सोपानदेव, जे स्वतः कवी होते, आणि घरातले आणखी एक जण ती उतरवून घेत. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापली गेली. ज्या बाईला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, तिचे नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे, आणि पदवीच्या प्रत्येक कागदावर ते छापून येते! फैजपूरच्या वाचकाला या पुस्तकाचा एक जादा फायदा आहे. पुण्यामुंबईच्या वाचकाला शब्दांचे अर्थ पाहावे लागतात. आपल्याला नाही, कारण ती आपल्या घरातली बोली आहे.

ही झाली तीन मुख्य पुस्तके. आता बाकीची थोडक्यात सांगतो.

कविता आवडत असेल तर बालकवी घ्या. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म धरणगावचा, १८९० चा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या पोरसवदा कवीला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. ५ मे १९१८ ला, ऐन उन्हाळ्यात, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, तेव्हा अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. निर्झर, पाखरे, हिरवळ यांची ती कविता करपलेल्या मे महिन्यात वाचून पाहा; घोटभर गार पाण्यासारखी वाटते.

इतिहासाचा नाद असणाऱ्याने राजवाडे चाळावेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत फिरले, वाळवीच्या तोंडून कागद सोडवले, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यात वारले. त्यांचा संग्रह सांभाळणारे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले.

कॉलेजातल्या मुलांना भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ द्या. ती १९६३ ची. नेमाडे याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे. आपल्या खेड्यातला पोरगा पुण्यात जाऊन कसा गोंधळतो, हे त्यात आहे.

आणि फैजपूर म्हटले की १९३६ चा डिसेंबर आठवतोच. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन. नंदलाल बोसांनी बांबू आणि खेड्यातल्याच वस्तूंनी सजवलेले टिळकनगर, आणि अध्यक्षस्थानी पंडित नेहरू. त्यांचे आत्मचरित्र त्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते. पुढे १९४४ सालच्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत त्यांनी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान असताना ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. म्हणजे तेही एका अर्थी महाराष्ट्रातल्या उन्हाळ्याचेच पुस्तक. ज्यांनी अधिवेशनाच्या गोष्टी आजोबांकडून ऐकल्या, त्यांनी अध्यक्षांची ही दोन पुस्तके तरी पाहावीत.

आता तुम्ही म्हणाल, यादी ठीक आहे, पण वाचनालयापर्यंत येतो कोण? ही अडचण जुनीच आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० च्या सुमारास बडोद्यात ग्रंथालयांची योजना आखली तेव्हा त्यांनाही ती पडली. त्यांनी पेट्यांत पुस्तके भरून खेड्यांकडे धाडली. मुंबई इलाख्यात फैजी समितीने १९४० साली मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची साखळी सुचवली. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. कायद्याने मान्यता आणि अनुदान दिले. दार उघडे ठेवणे मात्र ज्याचे त्याने करायचे आहे.

आणि दार उघडूनही काम पुरे होत नाही. घरात एखादी म्हातारी असते, जिला वाचता येत नाही. एखादा सालदार असतो, जो दिवसभर बागेत राबून थकलेला असतो. त्यांचा पुस्तकावर हक्क नाही काय? बहिणाबाई ऐकूनच शिकल्या होत्या. विनोबांचे शब्द कानांनीच टिपले गेले. म्हणून ही पुस्तके मोठ्याने वाचा. एका पोराने धाब्यावर दिवा घेऊन बसावे, बाकीच्यांनी ऐकावे. “मंग पुढे काय झालं रे भाऊ?” असे आजीने विचारले की समजावे, पुस्तक पुन्हा जिथून निघाले तिथे पोचले.

शेवटी एक हिशेब सांगून थांबतो. ‘श्यामची आई’च्या रात्री बेचाळीस. १ मेच्या रात्री पहिली वाचली आणि एकही रात्र चुकवली नाही, तर बेचाळिसावी येते ११ जूनला. त्याच तारखेला, १९५० साली, गुरुजी हे जग सोडून गेले. त्यानंतर चार दिवसांत शाळेची घंटा वाजते. तेवढ्या वेळात एक पुस्तक घरातल्या सगळ्यांचे होऊ शकते. वाचनालयाने फक्त मे महिन्यात कपाटाला कुलूप लावू नये, एवढीच विनंती.