वऱ्हाडांतील काष्ठशिल्प : एक उपेक्षित साधन

इतिहासाचीं साधनें म्हणून आपण ताम्रपट, शिलालेख, नाणीं व दप्तरें यांची गणना करितों. कोरीव लांकडाची करीत नाहीं. वऱ्हाडापुरतें पाहतां ही उपेक्षा फार महाग पडत आहे, असें आम्हांस वाटतें.

अमरावतीजवळील भातकुली हेंच प्राचीन भोजकट, असें मत संशोधकांत रूढ आहे. भोजकट-राज्याचा उल्लेख वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याच्या १८ व्या राज्यवर्षांतील चम्मक ताम्रपटांत आहे. तांबें टिकलें, त्या काळचे खांब व तुळया वाळवीनें आणि पावसानें नेल्या. तत्कालीन सुताराची विद्या पाहावयाची तर अजिंठ्यास जावें लागतें. वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, येथील वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव यानें करविलेल्या १६ व्या लेण्यांत पुढील पडवीचें छत तुळया व कड्या यांच्या रूपानें कोरलेलें असून, तुळयांचीं टोकें बुटक्या मूर्तींनीं उचलून धरिलीं आहेत. डोंगरांत खोदलेल्या छतास तुळईची गरज नाहीं. पाथरवटानें तेथें सुताराचेंच अनुकरण केलें, हें उघड आहे.

अर्वाचीन लांकडाची गतिहि तीच. नागपूरकर भोसल्यांचा विपुल कोरीवकामाचा वाडा १८६४ मध्यें जळाला. कारंज्याच्या काष्ठासंघ-मंदिरांतील कोरीवकाम सुदैवानें उभें आहे. त्याच कारंज्याच्या जैन भांडारांतील पोथ्यांची नोंद रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचींत झाली. काष्ठाचीहि तशीच सूची व्हावयास पाहिजे.

जुना वाडा पाडतांना चौकट, गणेशपट्टी, खांब व हस्त सुटे सुटे विकले जातात. ते घेणारा संग्राहक वस्तु वांचवितो, हें खरें. परंतु गांव, घर, मजला व दिशा यांची नोंद नसेल तर ती वस्तु पुष्पिका फाडलेल्या पोथीसारखी होते. तुळईवरील एखादी रिकामी खाच ती पूर्वीं दुसऱ्या इमारतींत होती असें सांगते. पण तुळई जागच्या जागीं पाहिली तरच ही साक्ष उपयोगी पडते. म्हणून आधीं माप, छायाचित्र, लांकडाची जात, सांधे व असल्यास कोरलेला शक टिपावा. मगच खुंटी काढावी.

हा नियम नवा नाहीं. मूर्तीसाठीं वृक्ष तोडण्यापूर्वीं त्याच्या दिशा व वरची-खालची बाजू यांवर खुणा कराव्या, कारण वृक्ष जसा उभा होता तशीच मूर्ति स्थापावयाची असते, असें वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या वनसंप्रवेशाध्यायांत सांगितलें आहे. तोडणाऱ्यास जें बंधन होतें, तें जमविणाऱ्यासहि असावें.